रिपोर्ट दोन, गाय एकच : कुठला खरा मानायचा?

कृष्णाकाठचा (रविवार, रात्री १०:२०)

राम राम मंडळी. दीड वर्ष इथं नुसता वाचतोय. लिहायची वेळ आली ती अशी.

वाळवा तालुक्यात आमचा गोठा आहे. अकरा जनावरं, त्यात दोन म्हशी, बाकी संकरित एचएफ. गेल्या चार महिन्यांत दोन गाया गाभडल्या. पहिली सात महिन्यांची गाभण होती. आदल्या दिवशी गव्हाणीपाशी घसरून पडली होती, म्हणून आम्ही तो विषय तिथंच सोडला. दुसरी साडेसात महिन्यांची. वासरू पडलं, वार काही पडेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात घालून काढली आणि जाता जाता रक्त घेतलं. 'रोज बेंगाल' नावाची रक्ताची चाचणी केली, ती पॉझिटिव्ह. म्हणाले, ब्रुसेला दिसतोय, गाभ पाडणारा जंतू.

आता घोळ ऐका. पाहुण्यांच्या ओळखीनं त्याच गायीचं रक्त एका खाजगी लॅबला दिलं. ते म्हणाले पीसीआर करतो, करोनात करायचे तीच, तिच्यापुढं अपील नाही. चार दिवसांनी रिपोर्ट आला, ब्रुसेला निगेटिव्ह. आण्णांनी (वडील) देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्याच दिवशी ओळखीचा व्यापारी आला. रिपोर्ट चाळला आणि म्हणाला, "निगेटिव्ह हाय न्हवं, मग दे की मला. दिसायला झकास आहे, बाजारात उभी राहायच्या आत जाईल."

डॉक्टर म्हणतात गाय विकू नका. व्यापारी म्हणतो वेळ घालवू नका. तिसरी गाय सहा महिन्यांची गाभण दावणीला उभी आहे आणि मला झोप नाही. दोन्ही रिपोर्ट एकाच गायीचे. खरा कुठला मानायचा?

सडेतोड (रविवार, रात्री १०:४१)

पैसे जास्त ज्याला दिलेत तो. गंमत केली. पण खरं सांगू का, या तपासण्या म्हणजे नुसता धंदा झालाय. आमच्या आज्यानं चाळीस वर्षं जनावरं सांभाळली, एक बल्ब (नळी) रक्त कधी दिलं नाही.

गोठेवाली (रविवार, रात्री १०:५८)

@सडेतोड, आज्याच्या दावणीला बाजारातून आणलेल्या किती गाया होत्या? आमच्या सासऱ्यांच्या काळात घरची खिल्लार आणि घरचीच पैदास. आता वर्षाला दोन कालवडी बाहेरून येतात, सोबत काय येतं कुणाला ठाऊक.

@कृष्णाकाठचा दादा, तिसरीला आजच्या आज वेगळी बांधा. कोरेगावकडं आमच्याही गोठ्यात हे होऊन गेलंय. आणि वार, गर्भ कुत्र्यांना मिळू देऊ नका. आमची वार कुत्र्यानं ओढत शेजारच्या घेवड्याच्या रानात नेली होती. पुढच्या हंगामात त्यांची म्हैस गाभडली. आमच्यामुळंच असं कुणी सिद्ध केलं नाही, पण बोलणं बंद झालं ते झालंच.

गुरांचा_डॉक्टर (रविवार, रात्री ११:३०)

माण-खटावात प्रॅक्टिस आहे. दिवसभराची फिरती झाली, तरी हे वाचून झोपवेना.

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. रोज बेंगाल जंतू शोधत नाही. गायीच्या शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा एक थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा एक थेंब, काडीनं एकत्र करून चार मिनिटं हलवायचं. गुठळ्या धरल्या तर पॉझिटिव्ह. म्हणजे या जनावराची आणि ब्रुसेलाची कधीतरी गाठ पडली आहे, किंवा त्याला लस दिलेली आहे, किंवा क्वचित दुसऱ्याच एखाद्या मिळत्याजुळत्या जंतूनं फसवलं आहे. म्हणून आम्ही पुढं एलायझा (प्रतिपिंडांचीच आणखी नेमकी चाचणी) करून घेतो.

पीसीआर थेट जंतूचा डीएनए शोधते. पण तुम्ही दिलेल्या नमुन्यात. ब्रुसेला रक्तात सतत फिरत नसतो. येतो, जातो आणि कासेत, गर्भाशयात, लसिका गाठींत दडी मारतो. त्यामुळं रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली तर मी तिला फार किंमत देत नाही. चूक मशीनची नाही. चोर माडीवर असताना ओसरी झाडून बघितली.

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. विकू नका.

आणि एक विचारतो. गाभडलेलं वासरू उचललं कुणी? हातमोजे होते?

कृष्णाकाठचा (सोमवार, सकाळी ६:१५)

धारा काढून बसलो आणि वाचलं. डॉक्टर, "चोर माडीवर" हे मला व्यापाऱ्याला सांगायला उपयोगी पडेल.

वासरू आण्णांनी उचललं. हातमोजे कुठले? पोत्यात भरलं आणि उसाच्या बांधाला पुरलं. का विचारलंत?

विट्याचा_शेडवाला (सोमवार, सकाळी ८:०५)

आमच्याकडं कोंबड्या आहेत, त्यामुळं गायीतलं कळत नाही. पण पीसीआरनं आम्हाला उलट्या बाजूनं फसवलंय. पक्षी माना टाकायला लागले म्हणून स्वॅब पाठवले, राणीखेत पॉझिटिव्ह. शेड रिकामं करायची भाषा सुरू झाली. मग एका जाणत्यानं विचारलं, लासोटा कधी पाजली होती? नऊ दिवसांपूर्वी. ती लस जिवंत विषाणूची, मशीनला तीच सापडली. नंतर जास्तीची तपासणी करून लसीचा विषाणू की रोगाचा ते वेगळं काढलं. पक्षी दुसऱ्याच कारणानं आजारी होते, पाण्याच्या टाकीचा प्रकार होता.

म्हणजे निगेटिव्हला जसं निगेटिव्ह मानायचं नाही, तसं पॉझिटिव्हलाही लगेच मानायचं नाही. मग करायची कशाला, असं सडेतोड म्हणणार.

सडेतोड (सोमवार, सकाळी ८:१२)

माझ्या तोंडचं वाक्य काढून घेतलंत.

पिपेटवाली (सोमवार, दुपारी १:४५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मूळची कऱ्हाडची, पुण्यात अशाच एका प्रयोगशाळेत कामाला आहे. कुठल्या ते विचारू नका.

@सडेतोड, करायची कशाला ते सांगते.

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत पोर हरवलं की लाऊडस्पीकरवरून नाव पुकारतात. गर्दी लाखाची असो, ज्याचं नाव पुकारलं तेच पोर रडत स्टेजपाशी येतं. आमचा प्रायमर म्हणजे ती हाक. ब्रुसेलाच्या डीएनएचा एक ठराविक तुकडा, त्याच्या दोन टोकांना चिकटेल असा बनवलेला. नळीत गायीचा डीएनए असतो, शेणातल्या शंभर जंतूंचा असतो, हाक मात्र एकालाच. मग मशीन तापमान वरखाली करतं. ९५ अंशाला डीएनएचे दोन पदर सुटतात, ५५-६० ला प्रायमर चिकटतो, ७२ ला नवा पदर विणला जातो. एका फेरीत एकाचे दोन, पुढच्या फेरीत चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर जातात. ही युक्ती कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ज्याला पुकारलं नाही ते पोर सापडणार नाही. गाय आयबीआरनं गाभडली असेल, लेप्टोनं असेल, निओस्पोरानं असेल आणि तुम्ही फक्त ब्रुसेला लिहून पाठवलं, तर निगेटिव्ह येणारच. दोन, पोर यात्रेतच आलेलं नसेल तर हाक मारून घसा बसला तरी येणार नाही. म्हणजे नमुना. डॉक्टरांनी तेच सांगितलं.

आता आमच्या टेबलावर काय येतं ते सांगते, नावं न घेता. परवा थर्माकोलचा खोका उघडला. आत बर्फाचं पाणी झालेलं, त्यात तीन बल्ब तरंगतायत. एकाचं टोपण सैल, रक्त पाण्यात मिसळून गुलाबी सरबत झालेलं. लेबलावरची शाई विरघळली होती. एकावर नुसतं "काळी गाय" इतकं वाचता आलं. काळी कुठली, कुणाची? तिसरा बल्ब हिरव्या टोपणाचा, म्हणजे हेपारिनचा (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते). हेपारिन पीसीआरला आडवं येतं, आमची विणणारी एन्झाइमच गप्प बसते. डीएनए साठी जांभळ्या टोपणाचा, ईडीटीएचा लागतो. असा नमुना तपासला आणि "निगेटिव्ह" छापलं तर तो कागद खोटा नसतो, पण त्याला अर्थही नसतो. चांगल्या प्रयोगशाळेत म्हणूनच आतला कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली की नाही हे दाखवणारी खूण, लावतात. तोच चालला नाही, तर निगेटिव्ह म्हणत नाहीत, "नमुना पुन्हा पाठवा" म्हणतात. तुमच्या रिपोर्टवर कंट्रोलचा काही उल्लेख आहे का बघा.

कृष्णाकाठचा (सोमवार, दुपारी २:३०)

बघितलं ताई. एकच ओळ आहे. "ब्रुसेला : नॉट डिटेक्टेड." खाली शिक्का. आणि बल्ब हिरव्या टोपणाचा होता, मला चांगला आठवतो. फोटो काढून पाहुण्यांना पाठवला होता.

जतचा_वाडा (सोमवार, संध्याकाळी ७:५०)

आमची मेंढरं माडग्याळी. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मेंढरं धाडधाड पडाय लागली. तोंडाला फोड, नाकातनं शेंबूड, हगवण. कोण म्हणायचं पीपीआर, कोण म्हणायचं नीलजिव्हा, कोण म्हणायचं नुसता मावा हाय, हळद-तेल लावा. तिन्हीत त्वांड येतंच, वरनं कळणार कसं?

आम्ही आठ-धा दिस वाट बघितली. मग एका मेलेल्या मेंढराचं सँपल दिलं. आठवड्यानं निगेटिव्ह. तवर तीस मेंढरं गेली. आता वाचून कळतंय की वाट बघितली तीच चूक.

गुरांचा_डॉक्टर (सोमवार, रात्री ९:२०)

@जतचा_वाडा, चूक तुमची एकट्याची नाही पावणं, तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं.

पीपीआरचा विषाणू आरएनएचा. आरएनए फार नाजूक, उन्हात आणि गरमीत लगेच तुटतो. ताप चढल्यापासून पहिल्या आठवड्यात डोळ्यातला आणि नाकातला स्वॅब घेतला तर मिळायची शक्यता चांगली. जतच्या उन्हात दुपारभर पडलेल्या मढ्यातून मिळायची बोंब. नीलजिव्हेचं मात्र उलटं आहे. तिचा आरएनए तांबड्या पेशींना चिकटून राहतो, जनावर बरं झालं तरी ईडीटीएच्या रक्तात महिनोन्महिने सापडतो. तिथं उलटी फसगत होते. आज मेलं ते कशानं, याचं उत्तर तीन महिन्यांपूर्वीच्या नीलजिव्हेच्या नावावर लागतं.

२०२२ ला लम्पीची मोठी साथ आली तेव्हा बाजार बंद होते, आठवत असेल. तेव्हाही लोक रक्तच पाठवायचे. रक्तात तो थोडेच दिवस असतो. गाठीची खपली द्या, त्यात तो ठासून भरलेला असतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला होता.

पुढच्या खेपेला वाड्यावर ताप दिसला की त्याच दिवशी फोन करा. आणि पीपीआरची लस सरकारी दवाखान्यातून मिळते. कोकणात उतरायच्या आधी टोचून घ्या.

फलटणकर (सोमवार, रात्री १०:०५)

थोडं अवांतर. मेंढी आणि पीसीआर म्हटलं की आमच्या फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आठवते. तिथं रोगासाठी नाही, जुळ्यांसाठी करतात. सुंदरबनातल्या गरोल मेंढीत जास्त कोकरं देणारं एक जनुक असतं. ते दख्खनी मेंढ्यांत आणलं, तीच नारी सुवर्णा. कुठल्या कोकरात ते उतरलं हे रक्ताच्या डीएनए चाचणीनं कळतं, कोकरू मोठं होऊन वेण्याची वाट बघावी लागत नाही. अवांतर समाप्त, संपादकांनी उडवलं तरी तक्रार नाही.

चावडी_संपादक (सोमवार, रात्री १०:११)

राहू द्या. मेंढ्यांवर वेगळा धागा काढलात तर आणखी बरं.

लाल_माती (मंगळवार, सकाळी ५:५०)

मी तालमीतला. सकाळी धारोष्ण दोन लिटर, हा आमचा शिरस्ता. वस्ताद म्हणतात तापवलं की ताकद जाते. या ब्रुसेलाचं आणि दुधाचं काही आहे का? घाबरवू नका, खरं सांगा.

गुरांचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७:००)

आहे. दुधातून उतरतो. उकळलं की मरतो, पाश्चराइज केलं की मरतो (७२ अंशाला १५ सेकंद पुरतात). वस्तादांना म्हणावं, दूध तापवल्यानं ताकद गेली तर मी भरून देतो, पण ब्रुसेलानं सांधे धरले तर आखाड्यात उतरवायला मी येणार नाही.

@कृष्णाकाठचा, आण्णांचं विचारलं त्याचं कारणही हेच. माणसाला तो दुधापेक्षाही सहज वार आणि गर्भ हाताळताना लागतो. आम्हा डॉक्टरांतही कित्येकांना झालाय. वासरांना ब्रुसेलाची लस देताना सुई स्वतःला टोचली तरी होतो. आण्णांची तब्येत कशी आहे?

कृष्णाकाठचा (मंगळवार, रात्री ९:४०)

डॉक्टर, हे लिहिताना हात थांबतोय.

आण्णांना दीड महिन्यापासून ताप आहे. सकाळी ठीक, दिवस मावळला की चढतो. रात्री घामानं बनियन पिळावा लागतो. कंबर धरली आहे, म्हणतात उसाचा पाला ओढल्यानं. गावातल्या दवाखान्यात टायफॉइडचं औषध दोन वेळा झालं. ताप चार दिवस उतरतो आणि परत येतो. गायी गाभडल्या हे तिथं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

गोठेवाली (मंगळवार, रात्री ९:४८)

दादा, उद्याच्या उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. "घरात गाई गाभडल्या, हातानं वासरू काढलं" हे पहिलं वाक्य म्हणून सांगा.

गुरांचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री १०:०२)

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी माणसांचा डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगणार नाही. तपासणी आहे आणि उपचारही आहेत, फक्त लांबलचक असतात. घाबरू नका, पण उशीर करू नका.

सडेतोड (मंगळवार, रात्री १०:३०)

कृष्णाकाठचा, मी वर जे बोललो ते मागं घेतो. माझी गाडी आहे, मी इस्लामपुरातच असतो. सकाळी सातला निघू शकतो. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

कृष्णाकाठचा (पुढच्या शनिवारी, रात्री ११:१०)

धागा वर काढतोय. बरंच घडलं.

आण्णांचं रक्त पॉझिटिव्ह आलं. सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आहेत, एकही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. सडेतोडांनी दोन्ही खेपा गाडी काढली, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. वर त्यांनी काय लिहिलं होतं ते मी विसरलो.

बुधवारी पहाटे तिसरी गाय गाभडली. वेगळी बांधली होती, तेवढं बरं. या वेळी कुणीही हात लावला नाही. आमचे डॉक्टर आले, हातात खांद्यापर्यंतचे मोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. वासरू प्लास्टिकवर ठेवलं. अजून केस नीट उगवले नव्हते, खूर रबरासारखे मऊ. गाय दाव्याला ताण देऊन त्याच्याकडं मान लांब करत होती, चाटायला. डॉक्टरांनी सिरिंज घालून वासराच्या पोटातलं पाणी ओढलं. मळकट पिवळं. मग वारेवरचं एक फूल (गाठीसारखा भाग) कापून घेतलं, तिथली फुलं कातड्यासारखी जाड झाली होती. गायीच्या मायांगातून स्वॅब घेतला. प्रत्येकाची वेगळी डबी, वेगळी पिशवी, मग तिसरी पिशवी. मी म्हटलं फॉर्मॅलिन टाकायचं का, आमच्याकडं होतं. डॉक्टर ओरडलेच. फॉर्मॅलिन घातलं की डीएनएचं भजं होतं म्हणे. त्यांच्याच भाषेत लिहिलंय.

नमुना औंधला पाठवायचा होता. भाच्याच्या हातात खोका दिला आणि मी गोठा धुवायला लागलो. अर्ध्या तासानं त्याचा फोन, "मामा, वडूजची गाडी मिळाली, तिथनं औंधला जातो." बाबा रे, यमाईचं औंध नाही, पुण्यातलं औंध! पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग तिथं आहे. नशीब फोन केला, नाहीतर खोका देवीच्या पायरीवर गेला असता.

काल रिपोर्ट आला. पोटातलं पाणी पॉझिटिव्ह, सी टी १९. वार पॉझिटिव्ह, २२. स्वॅबही पॉझिटिव्ह. आणि गंमत, त्याच गायीचं जांभळ्या बल्बमधलं रक्तही सोबत दिलं होतं. ते निगेटिव्ह.

पिपेटवाली (रविवार, सकाळी ९:३०)

गंमत कसली, धड्याला लावावं असं उदाहरण आहे. सी टी म्हणजे कितव्या फेरीला सिग्नल रेषेच्या वर आला. आकडा जितका लहान तितका जंतू जास्त. दर फेरीला दुप्पट, त्यामुळं दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे साधारण हजारपट. १९ म्हणजे त्या पाण्यात जंतूंची जत्राच होती. आणि ते पाणी तपासताना आम्हाला जिवंत जंतू वाढवावा लागत नाही, हा आमचा फायदा. ब्रुसेला वाढवणं हे प्रयोगशाळेतल्या माणसांना फार धोक्याचं काम आहे.

आण्णांना नमस्कार सांगा.

कृष्णाकाठचा (रविवार, दुपारी १२:२०)

सांगितला ताई. आता पुढचा प्रश्न. सगळ्या गोठ्याचं रोज बेंगाल केलं. गाभडलेल्या तीनमधल्या दोघी आणि आणखी दोघी पॉझिटिव्ह. पहिली गाभडलेली निगेटिव्ह, म्हणजे ती बहुतेक खरंच घसरून पडल्यामुळंच. पॉझिटिव्हांत एक चौदा महिन्यांची कालवड आहे, तिचं कोडं सुटत नाही. ती अजून भरवलीसुद्धा नाही.

गुरांचा_डॉक्टर (रविवार, दुपारी ४:०५)

कालवडीच्या कानात पिवळा बिल्ला आहे का? त्यावरचा बारा आकडी क्रमांक तुमच्या डॉक्टरांच्या ॲपमध्ये टाकायला सांगा. २०१९ पासून केंद्राच्या योजनेत लाळ्या खुरकुतासोबत ब्रुसेलाचीही लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. ती लस, एस१९, जिवंत जंतूची असते. टोचल्यावर काही महिने रोज बेंगाल पॉझिटिव्ह दाखवते. शेडवाल्यांच्या लासोटासारखीच गत. गाभण जनावराला ती चुकूनही द्यायची नाही, लसच गाभ पाडू शकते.

पहिल्या गायीचं मात्र लगेच निश्चित धरू नका. गाभडल्यावर प्रतिपिंडं वर यायला वेळ लागतो. काहींत तीन-तीन आठवडे. तिच्या बाबतीत चार महिने झालेत म्हणून शक्यता कमी आहे, पण महिन्यानं पुन्हा रक्त द्या. सगळ्या गोठ्याचंच द्या.

कृष्णाकाठचा (रविवार, संध्याकाळी ६:३०)

कालवडीला सातव्या महिन्यात लस दिल्याची नोंद निघाली. एक ओझं उतरलं.

उरलेल्या तिघींचं काय? औषध देऊन बऱ्या होत नाहीत का?

गुरांचा_डॉक्टर (रविवार, रात्री ९:१५)

खरं ते सांगतो. गायीला औषध देऊन जंतू शरीरातून गेला याची खात्री देता येत नाही, म्हणून देत नाहीत. आणि पुढचं तर जास्त अवघड आहे. बहुतेक गाया एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला सरळ वितात, दूध देतात, अंगानं चांगल्या दिसतात आणि विण्याच्या वेळी जंतू सांडत राहतात. व्यापाऱ्याला तुमची गाय हवी आहे ती म्हणूनच. पुढच्या मालकाला ती वर्षभर निरोगीच दिसेल.

आपल्या राज्यात गाय कापायला बंदी आहे, त्यामुळं परदेशातल्यासारखं काढून टाकणं नाही. राहतं एकच, वेगळं ठेवणं. वेगळी दावण, वेगळी बादली, शेवटी धार, वितेवेळी पूर्ण वेगळी जागा, वार खोल खड्ड्यात चुना टाकून. दूध उकळल्याशिवाय घरात नाही. संघाला आधीच सांगा, तिथं पाश्चरायझेशन होतं, तरी सांगा. ब्रुसेला कायद्याच्या यादीतला रोग आहे, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवणं तुमचं काम आहे आणि माहीत असून जनावर बाजारात नेणं गुन्हा आहे.

सडेतोड (रविवार, रात्री ९:४०)

तिघी खाणार, निम्मं दूध देणार आणि विकायच्या नाहीत. डॉक्टर, हा हिशोब कुठल्या सरकारला कळतो का? नुकसानभरपाई मिळते का काही?

गुरांचा_डॉक्टर (रविवार, रात्री १०:००)

या प्रश्नाला माझ्याकडं बरं उत्तर नाही, सडेतोड. अर्ज करा एवढंच सांगू शकतो. आणि म्हणूनच लोक विकतात. विकणारा प्रत्येक जण नालायक नसतो.

गोठेवाली (रविवार, रात्री १०:२५)

आम्ही दोन विकल्या होत्या. इथं कबूल करते. तेव्हा वर्षाची फी भरायची होती पोराची. कराड बाजारात घेणारा एक तरुण पोरगा होता, नवीन गोठा घालत होता. पैसे मोजताना खूष होता. त्याचं पुढं काय झालं विचारायची हिंमत झाली नाही.

लाल_माती (सोमवार, सकाळी ६:००)

वस्तादांना धागा वाचून दाखवला. कालपासून तालमीत दूध तापवतायत. म्हणतात, साय वेगळी काढून द्या.

कृष्णाकाठचा (सोमवार, रात्री ८:५०)

व्यापाऱ्याचा फोन आला होता. पॉझिटिव्ह रिपोर्टचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "रिपोर्ट कुणाला दाखवायचा हाय? आधीचा निगेटिव्ह हाय की." मी फोन ठेवला आणि तो पहिला कागद चुलीत घातला. घरात नकोच तो.

तिघींना मळ्याच्या पलीकडच्या छपरात हलवलंय. आण्णांचा ताप दोन रात्री नाही. पुढच्या महिन्यात उरलेल्या आठांचं रक्त द्यायचंय, एका थर्मासात आठ बल्ब मावतील का?

पिपेटवाली (सोमवार, रात्री ९:०५)

मावतील. रोज बेंगालसाठी लाल टोपणाचे, रक्तजलासाठी. बर्फ सुटा टाकू नका, जेलचे पॅक ठेवा आणि बल्ब उभे राहतील असे कागदात गुंडाळा. लेबलावर बिल्ल्याचा क्रमांक लिहा, "काळी गाय" नको.

कृष्णाकाठचा (सोमवार, रात्री ९:०९)

पेन्सिलीनं लिहितो ताई. शाई विरघळते.